आपण कधी निघणार?

आमच्या मुलीचं घर वाटेत नव्हतं. ते वाटेत आणायला मला नकाशाशी बरीच झटापट करावी लागली. मधे एक डोंगररांग, दोन समुद्र आणि ज्याच्याशी माझं काही देणंघेणं नाही असा एक अख्खा देश घातला, तेव्हा कुठे ती पेन्सिलची रेघ सहज फिरत फिरत आल्यासारखी तिच्या दारात जाऊन थांबली. मग मी तिला फोन केला आणि जमेल तितक्या बेफिकीर आवाजात सांगितलं, "आम्ही दोघं पाठीला सॅक लावून फिरायला निघतोय. काही महिने. शेवटी तुझं गाव वाटेतच पडतं, तर डोकावून जाऊ म्हणतो."

ती म्हणाली, "अरे वा. वाटेतच असेल तर या की."

या "असेल तर"वर बायको आठवडाभर बोलत होती. मी बोललो नाही, पण मला ते तिच्याआधी ऐकू आलं होतं. मुलगी परदेशी गेली, तिथेच दातांची डॉक्टर झाली, तिथेच लग्न केलं, एक घर सोडून दुसरं घेतलं, आणि दरवेळी आम्ही विषय काढला की म्हणायची, "सध्या जरा धावपळ आहे बाबा, थोडं स्थिरस्थावर होऊ दे." आता बापाने पोरीला "आम्हाला बोलाव" असं सांगायचं म्हणजे जीभ रेटत नाही. पण प्रवाशाचं तसं नसतं. प्रवासी वाटेने जातो, वाटेत जे लागेल तिथे थांबतो, त्याला बोलावणं लागत नाही. निवृत्त माणसांनी सॅक लावून फिरण्याचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं ते असं. मला डोंगर बघायचे नव्हते. मला एवढंच हवं होतं, की आम्ही दारात उभे राहिल्यावर तिने म्हणावं, "आलाच आहात तर राहा आता." परतीचं तिकीट मी मुद्दाम काढलं नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला कोणी राहा म्हणत नाही.

इथे माझ्या नोकरीचं सांगून ठेवतो. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो. शाळकरी पोरांच्या कितीतरी पिढ्या मी सुधारलेले ऱ्हस्वदीर्घ वाचून मोठ्या झाल्या. सर्वनामांचा धडा तर माझ्या हातून इतक्या वेळा गेला, की झोपेतही म्हणून दाखवीन. भाषेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही असा माझा समज होता. हे ध्यानात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आमच्या इमारतीत कोणी बाहेर निघालं, की सल्ला देणं हे पाण्याच्या टाकीसारखं सामायिक मानलं जातं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा यात्रा कंपनीबरोबर बसमधून चार देश बघून आले होते. तेव्हापासून त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात. अनुभवी म्हणाले, "सॅक पाठीला नाही, पोटाला बांधा. चोर मागून येतात." तसं बांधून मी जिन्यात चालून पाहिलं, तर पायऱ्या दिसेनात आणि खालच्या लँडिंगवर मी आणि सॅक एकदमच पोहोचलो. शेजारच्या काकूंनी एक प्रेशर कुकर आणून बायकोच्या हातात दिला. "तुमच्या लेकीला. तिकडे असला मिळत नाही हो." आम्ही महिनोन् महिने पायी, बसने, बोटीने फिरणार आहोत हे त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? रिकामाच तर आहे."

सगळ्यात महाग पडले ते सोसायटीचे सेक्रेटरी. ते घरी येऊन, पाय पसरून बसले आणि म्हणाले, "मुलगी किती दिवस ठेवून घेईल?"

प्रश्न साधा होता, पण "ठेवून घेईल" हे मला झोंबलं. मी म्हणालो, "किती दिवस काय विचारता? एकदा आम्ही हाती लागलो की ती सोडतेय कशाला. फिरणं धरून वर्ष सहज जाईल."

"मग घर रिकामं कशाला ठेवता?" सेक्रेटरी पुढे सरकले. "माझी मेहुणी जागा शोधतेय. वर्षाचा करार करून टाकू."

बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला. पण मी इतका हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो, की मला वाटलं ती मेहुणीची शिफारस करतेय. करार झाला. किल्ली गेली.

प्रवासाचं वर्णन करत नाही. आम्ही जिथे जिथे उतरलो तिथे एकावर एक पलंग होते आणि ज्यांना आम्ही मुलं म्हणू शकलो असतो अशा लोकांनी आम्हाला कीव येऊन खालचे पलंग दिले. सूर्योदय आम्ही भरपूर पाहिले, कारण पहाटे न्हाणीघर मोकळं मिळतं. आणि प्रत्येक सीमेवर कुकर उघडून दाखवावा लागला. एका अधिकाऱ्याने शिट्टी दोन बोटांत धरली, लांब नेली आणि हे काय करतं म्हणून विचारलं. त्याची भाषा मला येत नव्हती. मी गाल फुगवून, डोळे मोठे करून, तोंडाने फुस्स केलं. त्याने आणखी दोघांना बोलावलं आणि मला पुन्हा करायला लावलं. पदवीधर माणूस, निरोप समारंभाची शाल मिळालेला, मी त्या टेबलासमोर तीनदा फुस्स केलं.

खरी मजा मुलीच्या देशाच्या प्रवेश-परवान्याच्या कचेरीत झाली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "येण्याचं कारण?"

मी म्हणालो, "पर्यटन." त्याच क्षणी बायको म्हणाली, "मुलगी."

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही एकत्र आलात ना?"

"एकत्रच," मी म्हणालो. "म्हणजे मुलगी तिथे आहे, पण आम्ही तिच्याकडे पर्यटक म्हणून चाललोय."

"पर्यटन असेल तर हॉटेल दाखवा. मुलगी असेल तर तिचं बोलावणं दाखवा."

सबंध जगात नेमकी तेवढीच वस्तू आमच्याजवळ नव्हती. बायको म्हणाली, "फोन करा तिला, एका मिनिटात पाठवेल." मी म्हणालो, "आपण वाटेत थांबणारे लोक आहोत. वाटेत थांबणारे बोलावणं मागत नाहीत." तिने खिडकीसमोरच कपाळाला हात लावला. शेवटी आम्ही पोटच्या पोरीच्या गावात हॉटेलची खोली राखून ठेवली, परवाना हातात आल्यावर ती रद्द केली, आणि त्या हॉटेलवाल्याने का रद्द करता म्हणून विचारलं तेव्हा मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, की आमचं तिथे घर आहे.

तर अशा रीतीने आम्ही सहज तिच्या दारात उभे राहिलो. तिने दार उघडलं, आईला मिठी मारली, मला मिठी मारली, आणि म्हणाली, "किती काळवंडलात दोघं. सॅक बाहेरच ठेवा हं, आम्ही बाहेरच्या वस्तू कार्पेटवर ठेवत नाही." कुकर बघून ती हसली आणि तिने तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. तिथे तसेच तीन आधीपासून होते, लहान, मध्यम आणि मोठा. आमचा मध्यम होता.

घर छान होतं. आमचा पलंग म्हणजे दिवाणखान्यातला सोफा, जो ओढला की पलंग व्हायचा. पण तो ओढायला जेवणाचं टेबल सरकवावं लागायचं, आणि त्या टेबलावर जावयाचं ऑफिस होतं. तो घरी बसून लिफ्टची डिझाइनं करायचा. त्याचं काम संपेपर्यंत आम्ही पेंगत उभे, आणि सकाळी त्याचा पहिला फोन यायच्या आत पलंगाचा पुन्हा सोफा. आमचं अंथरूण हे त्या घरात वेळापत्रकाने उघडणाऱ्या पुलासारखं होतं.

जावई मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला. तो जन्मला तिकडेच, मराठी त्याला आत्याने शिकवलेली, त्यामुळे शब्द मोजके आणि कडक इस्त्रीचे. आम्ही बसल्याबसल्या तो दोन्ही हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "आपण कॉफी घेणार?"

"घेऊ की," मी म्हणालो. तो आत गेल्यावर बायकोला म्हणालो, "ऐकलंस? तुम्ही घेणार का, असं नाही म्हणाला. 'आपण' म्हणाला. त्याने आपल्याला त्यांच्यात धरलं."

कॉफीचे दोनच कप आले. तो स्वतः कॉफी पीत नव्हता. पित्ताचा त्रास असेल असं मी धरून चाललो.

आणि इकडे आमची लेक. तिच्या तोंडी सतत "आम्ही". आम्ही सकाळी लवकर निघतो. आम्ही रात्री उशिरा खात नाही. आमच्याकडे हा टॉवेल फक्त हाताला. ज्या पोरीला मी बोट धरून शाळेत नेताना "आपण आता रस्ता ओलांडायचा" असं शिकवलं, ती आता "आम्ही" म्हणत होती, आणि जो पोरगा कालपर्यंत परका होता तो "आपण" म्हणत होता. मला वाईट वाटलं. पण मुद्रितं तपासणाऱ्याला दोन्ही बाजू बघायची सवय असते. म्हटलं, घरातलं निदान एक माणूस तरी आपल्याकडून आहे.

एके सकाळी तो म्हणाला, "आपण आज बाजारात जाणार?" आम्ही तासाभरात तयार. बायकोने बरी साडी नेसली, मी सॅकच्या तळातून इस्त्रीचा सदरा काढला, रिकाम्या पिशव्या घेऊन, बूट घालून दाराशी उभे राहिलो. तो सपाता फटफटवत आला, माझ्या हातात बसचं कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "मजा करा." मग टेबलाशी जाऊन बसला.

जिन्यात मी म्हणालो, "अचानक काम आलं असणार."

"तो पायजम्यात होता," बायको म्हणाली.

"अचानकच येतं ना काम. कपडे बदलायला वेळ कुठे मिळतो?"

बायकोने रिकाम्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. आम्ही बाजारात गेलो, चुकीच्या बसने परत आलो आणि संध्याकाळी लेकीने विचारलं तर मी म्हणालो, खूप मजा आली.

लेक सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची. दमलेली असायची, हे दिसत होतं. सुट्टीच्या दिवशी तिला कपडे, वाणसामान, फोन, असं काही ना काही. पहिल्या आठवड्यात तिच्याशी माझं सलग बोलणं झालं नाही, आणि मग माझी दाढ दुखायला लागली. कुठल्या तरी डोंगरावर कडक पाव चावताना ती हलली होती. लेकीला सांगितल्याबरोबर ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात या. मधे एकाला वेळ देता येईल."

मी गेलो. त्या खुर्चीत आडवा झालो, वरून दिवा आला, आणि माझ्या लेकीने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. खरं सांगतो, तिचा हात लागला तेव्हा मला भरून आलं. तिचा चेहरा इतक्या जवळून मी ती लहान असताना पाहिला होता, तिला ताप असायचा तेव्हा. घरात कधी मिळाला नव्हता एवढा निवांत वेळ होता. मी मनात सगळं जुळवलं होतं. पोरी, आम्ही वाटेत नव्हतो, तुझ्याचसाठी आलोय, असं सांगून टाकायचं ठरवलं आणि तोंड उघडलं.

"बाबा, बोलू नका," ती म्हणाली. "नुसता आ करा."

मी आ केला. तिने दोन नळ्या आणि एक आरसा आत घातला. मी तरी बोललो. "आ आ आआ," असं काहीतरी झालं. ती म्हणाली, "दुखतंय? बधिर करते," आणि केलं. मग माझा अर्धा चेहरा मेला आणि तिचं काम झालं. सुंदर काम होतं, दाढ आजही ठणठणीत आहे. मदतनीस बाईंनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं आणि मी एका गालाने हसत बाहेर आलो.

आता तळ्याकडे वळू. दिवाणखान्याच्या भिंतीवर एका तळ्याचा फोटो होता, मुलगी आणि जावई काठावर बसलेले, मागे झाडं. जावयाने सांगितलं, गाडीने दोन तासांवर आहे, ते दोघं तिथे राहायला जातात. मी म्हणालो, "वा, बघायला पाहिजे." तो हसला. त्यानंतर दोनच दिवसांनी, आम्ही पलंगाचा सोफा करत असताना, तो समोर येऊन उभा राहिला. हात चोळले, घसा खाकरला.

"आपण कधी निघणार?"

माझा जीव सुपाएवढा झाला. इतका आढेवेढे घेत विचारत होता, जशी काही आम्हालाच अडचण. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा. उद्यासुद्धा निघू."

"उद्या?" त्याचा चेहरा उजळला. "नक्की?"

"नक्की. सकाळीच."

"मी गाडी सांगतो," तो म्हणाला. त्याची स्वतःची गाडी खाली उभी होती, पण चौघं आणि सामान म्हणजे मोठी लागत असेल.

त्या संध्याकाळी लेक लवकर घरी आली. आल्या आल्या विचारलं, "बाबा, उद्या नक्की ना?" मी म्हणालो, "ठरलंय आमचं." आणि ती बदलली. आमचे कपडे मशीनमध्ये धुऊन, वाळवून, घड्या करून दिले. आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. लहानपणी शाळेत ती चुकून दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली होती ती गोष्ट सांगितली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आम्ही आल्यापासून ती अशी हसली नव्हती. झोपताना बायको म्हणाली, "तळ्याच्या नावानेच किती खुलली बघा." मी म्हणालो, "तळ्यावर ती राहा म्हणेल. मोकळ्या हवेत माणूस म्हणतो."

सकाळी बायकोने चौघांचा डबा केला. डोक्याला टोपी घातली. मी सॅक दाराशी उभ्या केल्या, बूट चढवले आणि वाट बघत बसलो. जावई बाहेर आला. पायजमा, सपाता. त्याने सॅक पाहिल्या, हात जोडले, आणि अतिशय आदराने म्हणाला,

"आपण निघालात?"

निघालात. मी जन्मभर क्रियापदांची शेपटं तपासली. "आपण" म्हणजे आपण सगळे असू, तर "निघालो". "आपण" म्हणजे आदरार्थी तुम्ही असाल, तर "निघालात". आत्याने पोराला मोठ्यांना आपण म्हणायला शिकवलं होतं, आणि पोरगा आल्या दिवसापासून तेच करत होता. आपण कॉफी घेणार, आपण बाजारात जाणार, आपण कधी निघणार. "णार"ला शेपूट नव्हतं म्हणून मी आपलं आम्हालाही सगळ्यांत धरून बसलो. आज त्याने शेपूट लावलं. आणि निघालातमधली ती लात मला नेमकी बसली.

बायकोलाही ऐकू आलं होतं. तिने हळूच टोपी काढली.

अजून वेळ गेली नव्हती. मी हसून म्हणू शकलो असतो, की अरे, आम्हाला वाटलं तळ्यावर जायचंय. पण तेवढ्यात लेक आतून आली, आणि तिच्या चेहऱ्यावर कालचं ते मोकळं हसू अजून होतं. ती कशाने खुलली होती ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "हो. निघालो."

मग मी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. तिला वेळ मिळावा म्हणून. दुसऱ्या बुटाची सोडली. मनात म्हणत होतो, म्हण आता. नुसतं राहा म्हण, तोंडदेखलं म्हण, मी नाहीच म्हणेन.

"बाबा, खाली गाडी थांबलीय," ती म्हणाली. मग काहीतरी आठवून आत गेली आणि कुकर घेऊन आली. "आई, हा राहू दे तुझ्याकडे. आमच्याकडे आहे. काकूंना सांगू नको, उगाच वाईट वाटेल त्यांना."

जिन्याच्या तोंडाशी तिने दोघांना मिठी मारली. तिचे डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. तिचं प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. जागा नव्हती. नाक पुसत ती म्हणाली, "पुन्हा कधी वाटेत असलात तर नक्की या."

गाडीवाल्याने आम्हाला बसस्थानकावर सोडलं, कारण त्याला तसंच सांगितलं होतं. आम्ही एका बाकावर बसलो. फोन वाजला. सेक्रेटरींचा निरोप होता. मेहुणीने आमच्या दिवाणखान्याला पिवळा रंग लावून घेतला होता, छान दिसतो म्हणे, आणि खाली विचारलं होतं, "काय, लेक सोडत नाही ना?"

मी लिहिलं, "नाही ना."

बायकोने डबा उघडला. चौघांचं होतं. तिने त्याचे दोन वाटे केले, मोठा माझ्यापुढे सरकवला, कुकर आपल्या सॅकच्या पट्ट्याला करकचून बांधला आणि फलकावर लागलेल्या गावांच्या नावांकडे बघत विचारलं,

"आता आपण कुठे जायचं?"

या आपणमध्ये कोण कोण धरलंय, ते मला विचारावं लागलं नाही.